मिक्सिंग, मुहूर्त आणि अरक्कू साडी

व्हिडिओ एडिटिंग शिकायचं असं एखाद्याने मनावर घेतलं, की पुढचे कित्येक महिने त्याच्या हातून एडिटिंग सोडून बाकी सगळं होतं. तो लॅपटॉपची रॅम वाढवतो, दोन-दोन हार्ड डिस्क आणतो, कान झाकून वर गालही झाकतील असे हेडफोन घेतो, आणि मग 'सॉफ्टवेअर कोणतं?' या प्रश्नापाशी जो बसतो तो बसतोच. माझा धाकटा भाचा या प्रश्नापाशी बसला, तेव्हा त्याच्या थोरल्या भावाला मुली सांगून येत होत्या. त्यातली एक पसंत पडली, साखरपुडा झाला, गाडीची तिकिटं निघाली, पत्रिका छापून आल्या. भाचा अजून तिथेच होता.

लग्नाची फिल्म आपण करणार, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. व्हिडिओ नव्हे, फिल्म. व्हिडिओ चार तासांचा असतो आणि महिन्याभरात मिळतो. फिल्म चार मिनिटांची असते आणि कधी मिळेल ते विचारायचं नसतं, एवढा फरक मला समजला होता.

आपल्या अडचणी तो मला समजावून सांगत असे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. समजावून सांगायला माझ्यासारखा श्रोता नाही, कारण मध्ये प्रश्न विचारण्याइतकं मला काही कळतच नाही. अॅडोबीचं प्रीमियर १९९१ पासून आहे, नोकऱ्या त्यावर मिळतात. पण २०१३ पासून अॅडोबीने सगळा कारभार महिन्याच्या पैशांवर नेला. म्हणजे दुधाचा रतीब. रतीब तोडला की दूध बंद, हे कोणीही समजू शकतं. इथे रतीब तोडला की घरात आधीच विरजून ठेवलेल्या दह्याचं झाकणही निघत नाही. अॅपलचं फायनल कट एकदाच पैसे भरून घेता येतं, फक्त त्याच्याआधी अॅपलचा संगणक घ्यावा लागतो. अॅव्हिड १९८९ पासूनचं, मोठ्या सिनेमावाल्यांचं. वॉल्टर मर्चने 'द इंग्लिश पेशंट' त्यावर कापला आणि ऑस्कर घेतलं. त्याच मर्चने पुढे 'कोल्ड माउंटन' फायनल कटवर कापला, म्हणजे तिथेही एकनिष्ठा नाहीच. केडेनलाइव्ह फुकट आणि मुक्त, पण ते वापरतो असं म्हटलं की मित्र 'बरं आहे ना सगळं घरी?' असं विचारतात.

यातली सगळ्यात रंजक गोष्ट त्याने सहज जाता जाता सांगितली. प्रीमियरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ज्याने लिहिल्या तो रँडी युबिलॉस नावाचा गृहस्थ नंतर मॅक्रोमीडिया कंपनीत गेला. तिथे त्याने जे नवं सॉफ्टवेअर करायला घेतलं ते अॅपलने विकत घेतलं आणि १९९९ साली फायनल कट प्रो म्हणून बाजारात आणलं. म्हणजे ज्या दोन पक्षांचे कार्यकर्ते आज एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, त्यांचा संस्थापक एकच. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात दचकण्यासारखं काही वाटू नये. पुढे २०११ साली अॅपलने फायनल कट पार नव्याने लिहून काढलं; त्यात जुनी कामं उघडेनात, तेव्हा भल्याभल्या एडिटरांनी निषेधाच्या सह्या गोळा केल्या आणि बरेच जण दुसऱ्या पक्षात गेले. तेही नवीन नाही.

शेवटी भाचा दाविंची रिझॉल्व्हवर येऊन थांबला. हे मुळात एडिटिंगचं हत्यारच नव्हतं. फ्लोरिडातल्या दाविंची सिस्टिम्स या कंपनीची रंग सुधारण्याची यंत्रं असत. खोलीभर सामान आणि किंमत लाखो डॉलर. घेणारे स्टुडिओ त्यावर तासाच्या हिशेबाने भाडं लावत. २००९ साली ही कंपनी ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने घेतली, पुढच्याच वर्षी तेच सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला विकायला काढलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी एक आवृत्ती चक्क फुकट दिली. मग हळूहळू त्यात एडिटिंग घातलं, आवाजाचं काम घातलं, इफेक्टही घातले. लाखो डॉलरची वस्तू फुकट मिळते म्हटल्यावर पुण्यातला माणूस किती विचार करेल? भाच्याने बराच केला. फुकट आवृत्तीत काय मिळत नाही याची यादी त्याच्याकडे होती. लिनक्सवर चालवली तर ती नेहमीच्या कॅमेऱ्यांच्या फाइल उघडतच नाही, हे त्याने मला फार गंभीरपणे सांगितलं होतं. त्याच्याकडे लिनक्स नव्हतं.

मुलगी कुंभकोणमची. तमिळनाडूतली खरी, पण घरात मराठी बोलणारी. १६७५-७६च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, त्यानंतर जी मराठी घरं कावेरीच्या काठी गेली ती तिथलीच झाली. आडनावं बहुतेकांची गळून पडली, 'राव' तेवढा राहिला. कुंभकोणमच्या अशाच एका घराण्यात १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे, मग बडोद्याचे. तीन राजवटी, तीन दप्तरं, तीन तऱ्हेचे दरबारी. तरी 'मला जुन्या संस्थानाची सवय आहे, इथले शॉर्टकट वेगळे आहेत' असं ते म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही. हे मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, त्यांच्या हाताखाली माणसं होती."

व्याह्यांनी त्यांच्या बाजूने गावातला स्टुडिओ ठरवला होता. त्याचे मालक म्हणजे अण्णा. सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणे, म्हणून आम्हीही. अण्णांच्या लेखी एडिटिंग नावाचा प्रकार नाही. शूटिंग आणि मिक्सिंग, एवढंच. आपल्याकडेही लग्नाच्या धंद्यातले लोक मिक्सिंगच म्हणतात. दोन व्हीसीआर आणि मध्ये पॅनासॉनिकचा मिक्सर ठेवून बदामाच्या आकारात नवरा-नवरी आणायची, त्या काळातलं हे नाव. आता व्हीसीआर गेले आणि बदामही गेला. पूर्ण गेला असं म्हणवत नाही, कारण अण्णांच्या स्टुडिओत तो मी पाहिला.

अण्णांचं सॉफ्टवेअर म्हणजे एडियस. भाच्याने ते ऐकून माझ्याकडे जसं पाहिलं, तसं आमच्या बँकेत नवीन आलेला अधिकारी लेजरच्या वहीकडे पाहत असे. पण एडियसची गंमत अशी, की सिनेमाच्या गप्पांत त्याचं नाव सहसा निघत नाही, आणि भारतभरच्या लग्नांत मात्र त्याचं बूड घट्ट. जपानमधल्या कोबे शहरातल्या कॅनोपस कंपनीने ते केलं, २००५ मध्ये ती कंपनी ग्रास व्हॅलीकडे गेली. लग्नात मामाचा एक कॅमेरा, स्टुडिओचे दोन, वर ड्रोन, शिवाय काकूंच्या मोबाइलमधला उभा व्हिडिओ, असा पाच जातींचा माल येतो. एडियस तो सगळा एका पंगतीला बसवतं आणि थांबा न म्हणता चालवून दाखवतं. लग्नाच्या मोसमात ज्याच्याकडे एका आठवड्यात चार मुहूर्त असतात, त्याला याहून मोठं सौंदर्यशास्त्र लागत नाही.

तमिळनाडूतल्या लग्नात मुहूर्त पाहायचा असेल, तर स्टेजकडे पाहून उपयोग नसतो. तिथे कॅमेरेवाल्यांच्या पाठी दिसतात. मुहूर्त शेजारच्या पडद्यावर दिसतो. आमच्या लग्नात अंतरपाट होता, आणि ऊंजलही होतं. म्हणजे नवरा-नवरीला झोपाळ्यावर बसवायचं आणि भोवती बायकांनी गाणी म्हणायची. भाचा हातातल्या गिंबलवर कॅमेरा तोलत, गुडघे वाकवून, टाचा न टेकवता झोपाळ्याभोवती फिरत होता. त्याच्यामागे मुलीकडची तीन पोरं त्याच चालीने फिरत होती. ही पोरं त्याच्या एकाही शॉटमध्ये नाहीत. अण्णांच्या सगळ्या शॉटमध्ये आहेत.

मग ती वेळ आली. भटजींनी खूण केली, कोणीतरी 'गेट्टी मेळम्!' म्हणून ओरडलं आणि नादस्वरम् आणि तविल यांनी एकदम टिपेचा सूर धरला. ऐन घडीला कोणाची शिंक, कोणाचा अशुभ शब्द कानी पडू नये म्हणून हा गजर असतो. तो गजर इतका चोख होता की भाच्याच्या माइकलाही दुसरं काही ऐकू आलं नाही. नंतर टाइमलाइनवर पाहिलं तर आवाजाची रेघ रेघ राहिलीच नव्हती, वरपासून खालपर्यंत भरलेला ठोकळा होता. अण्णांनी म्हणे भटजींचा हात वर जाताना पाहिला आणि त्याच क्षणी आवाजाचं बटण खाली केलं. याच गावच्या सरकारी कॉलेजात रामानुजन १९०४ साली शिष्यवृत्तीवर दाखल झाला होता. गणितात अद्वितीय आणि बाकीच्या विषयांत नापास, म्हणून शिष्यवृत्ती गेली. भाच्याचं रंगाचं डोकं किती वरचं आहे ते मला माहीत आहे. पण आवाजाचा पेपर कुंभकोणममध्ये आजही वेगळा असतो.

खरी गोष्ट पुढे आहे. लग्नानंतर आम्ही काही दिवस व्याह्यांकडेच राहिलो. भाच्याने ओसरीवर लॅपटॉप मांडला आणि फुटेज उघडलं. ते त्याने लॉगमध्ये घेतलं होतं. लॉग म्हणजे कॅमेरा उजेडातली आणि अंधारातली सगळी माहिती दाबून साठवतो, आणि रंग नंतर आपण आणायचे. तोपर्यंत चित्र फिकट, करडं, निस्तेज दिसतं. हे मुलीच्या आजींना कोणी सांगितलं नव्हतं. त्या चष्मा लावून मागे येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ पाहत राहिल्या, आणि हळूच मला म्हणाल्या, "मुलाकडच्या सगळ्यांना बरं नव्हतं का?"

"तसं नाही आजी, याचं अजून ग्रेडिंग व्हायचंय," भाचा म्हणाला.

"औषध चालू आहे म्हणायचं," आजींनी बोळवण केली.

ग्रेडिंगची दीक्षा भाच्याने हॉलीवूडकडून घेतली आहे. हॉलीवूडच्या अलीकडच्या सिनेमांत सावल्या निळसर-हिरव्या आणि माणसं नारिंगी असतात, हे एकदा लक्षात आलं की मग दुसरं काही दिसत नाही. कारण सरळ आहे: माणसाची कातडी, मग ती कोणाचीही असो, नारिंगीच्या आसपास असते, रंगचक्रात नारिंगीच्या समोर निळसर-हिरवा बसतो, मागचं सगळं तिकडे ढकललं की माणूस उठून दिसतो. अख्ख्या सिनेमाचे रंग संगणकावर फिरवण्याचं पहिलं मोठं उदाहरण म्हणून २००० सालच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?'चं नाव घेतात. मिसिसिपीत भर उन्हाळ्यात सगळं हिरवंगार असताना शूटिंग झालं आणि छायाचित्रकार रॉजर डीकिन्सने संगणकावर त्या हिरव्याचं वाळलेलं गवत केलं. भाच्यानेही तेच केलं. गावाबाहेर घेतलेले शॉट त्याने वाळवले. कावेरीच्या मुखाकडची जमीन, बांधाला बांध लागून भाताची खाचरं, हा प्रदेश तमिळनाडूचं कोठार म्हणून ओळखला जातो. लॅपटॉपवर त्या शेतांना जत तालुक्याची कळा आली. मुलीचे वडील काही बोलले नाहीत. त्यांचा स्वतःचा तिथे तुकडा आहे. ते उठले आणि फोन करून पाटाला पाणी आहे ना, ते विचारून आले.

गोपुरांचंही तेच. शारंगपाणीच्या मंदिराचं गोपुर निम्म्या गावातून दिसतं. त्याच्यावरच्या देव, दानव, द्वारपालांनी सगळ्यांनी निळी छटा घेतली. इथल्या भूमीला रंगांची भीती कधीच नव्हती. शेजारच्या तंजावरात मराठ्यांच्या काळात जी चित्रकला बहरली तिच्यात कृष्णाच्या अंगावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे असतात. व्याह्यांच्या दिवाणखान्यात तसं एक चित्र आहे. भाच्याने ते पाहून 'हायलाइट्स क्लिप झालेत' असं म्हटलं आणि मी त्याला चिमटा काढला.

पण या सगळ्यावर अजून तडजोड शक्य होती. साडीवर नव्हती.

मुहूर्ताची साडी, कूरै पुडवै, तिरुभुवनमहून आणलेली. तिरुभुवनम इथून हाकेच्या अंतरावर, रेशमाचं गाव. साडीचा रंग अरक्कू, म्हणजे लाखेचा खोल लाल, काठ जरीचे. ही साडी निवडायला घरातल्या चौघी जणी गेल्या होत्या आणि दुकानदाराने किती साड्या उलगडल्या याच्या हकिकती आम्ही रोज नव्याने ऐकत होतो. आता लॅपटॉपवर हीच साडी कधी तपकिरी, कधी जांभळ्याकडे झुकलेली, आणि एका शॉटमध्ये तर चक्क पेरूच्या आतल्या रंगाची दिसत होती.

मुलीच्या आत्याबाई समोर येऊन बसल्या. "ही साडी आमची नाही," त्या म्हणाल्या.

भाच्याने त्यांना सांगायचा प्रयत्न केला. कल्याण मंडपमच्या स्टेजवर डेकोरेशनवाल्याने रंग बदलणारे एलईडी लावले होते. लाल रंगाची वस्तू लाल दिसते ती उजेडात लाल असतो म्हणून. उजेडच निळा असला तर लाल साडी परत पाठवणार काय? ती काळपट दिसणार. उजेड किरमिजी झाला की तीच गुलाबी. पूर्वीचे शूटिंगवाले हॅलोजनचे दिवे डोळ्यांत मारत, त्याने घाम फुटायचा, पण तो पिवळट उजेड निदान एकाच जातीचा असे. ३२०० केल्विन म्हटलं की काम झालं. दिवसाचा उजेड ५६०० केल्विन. एलईडीच्या त्या झगमगाटात मात्र काही रंग मुळात नसतातच, आणि जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते सॉफ्टवेअर कुठून आणणार?

आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साडी आणू का?"

आणि साडी आली. मोठमोठ्या स्टुडिओंत लाखो रुपयांचे संदर्भ मॉनिटर असतात, ते दर काही दिवसांनी तपासावे लागतात. कुंभकोणममध्ये वस्तूच पडद्याशेजारी धरून तपासतात. भाच्याने रंगाचं चाक फिरवायचं, आत्याबाईंनी पदर पडद्याला लावायचा आणि 'अजून' म्हणायचं. फक्त खोलीत ट्यूबलाइट होती, आणि तिच्याखाली साडीही हिरवट मारत होती. हे आत्याबाईंच्याच लक्षात आलं. त्या साडी घेऊन चौकात गेल्या, उन्हात पाहिली, तो रंग डोळ्यांत धरला, डोळे मिटून ओसरीपर्यंत आल्या आणि पडद्यासमोर उघडले. "नाही." परत चौक. मध्ये कोणी बोलायचं नाही, कारण रंग सांडतो.

मी भाच्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. सुरुवातीला तो चिडलेला होता. नंतर त्याने एकच नोड उघडला, साडीचा लाल तेवढा वेगळा धरला, चेहऱ्यांना आणि फुलांना हात न लावता तो लाल हळूहळू खोल करत नेला. सॉफ्टवेअर निवडताना ज्या सोयींच्या याद्या त्याने केल्या होत्या, त्यातल्या बहुतेक त्याने अजून उघडलेल्या नाहीत. ही उघडली. दुपार कलली तेव्हा आत्याबाई चौकातून आल्या, डोळे उघडले आणि काहीच म्हणाल्या नाहीत. साडीची घडी घालू लागल्या. याला ग्रेडिंगच्या भाषेत 'अप्रूव्हल' म्हणतात.

चेहऱ्यांचा विषय त्याहून नाजूक. दोन्हीकडच्या मावश्यांची एकच सूचना होती, ती त्यांनी वेगवेगळ्या गाठून केली: मुलगी थोडी उजळ करा. मुलीकडच्यांचं म्हणणं होतं, मुलगाही करा. लग्नाच्या धंद्यात याची सोय आधीच करून ठेवलेली असते. एक बटण दाबलं की सगळं वऱ्हाड पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं होतं. भाच्याने मात्र मावश्यांना वेक्टरस्कोप दाखवला. गोल तबकडी, त्यात ठिपक्यांचा पुंजका, आणि लाल-पिवळ्याच्या मधून जाणारी एक रेघ. गोरा, सावळा, काळा, कोणताही माणूस असो, त्याच्या कातडीचे ठिपके त्या रेघेच्या आसपासच पडतात, कारण कातडीखालून डोकावणारं रक्त सगळ्यांचं सारखं. कमीजास्त होतो तो फक्त उजेड. लग्नघरात इतका निःपक्षपाती नातेवाईक मी दुसरा पाहिला नाही. मावश्यांवर त्याचा काही परिणाम झाला असं म्हणवत नाही. "रेघ राहू दे," एक म्हणाली, "चेहरा उजळ कर." पण भाचा हलला नाही, आणि त्या दिवसापासून मी त्याच्या फिल्मकडे जरा आदराने पाहू लागलो. हळदीच्या दिवशीच्या शॉटमध्ये मात्र ती रेघही हरली. नवऱ्यामुलाचे ठिपके सरळ पिवळ्या टोकाला जाऊन बसले होते.

मुलीचे आजोबा निवृत्त शिक्षक. ते हे सगळं झोपाळ्यावरून पाहत असत. त्यांनी एकदा विचारलं, पूर्वी हे रंगाचं कसं करत? मी त्यांना 'सैरंध्री'ची गोष्ट सांगितली, कारण एडिटिंगच्या विषयात मला स्वतःहून सांगता येण्यासारखी ती एकच आहे. १९३३ साली प्रभात कंपनीने हा सिनेमा रंगीत करायचा घाट घातला. आपल्याकडे ती सोय नव्हती, म्हणून शांतारामबापू रिळं घेऊन जर्मनीला गेले. रंगीत प्रती तयार झाल्या, आणि रंग काही मनासारखे उतरले नाहीत. आजोबा बराच वेळ झोके घेत राहिले. मग म्हणाले, "जर्मनीला साडी नव्हती नेली?"

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही अण्णांच्या स्टुडिओत गेलो. व्याही दुभाषे म्हणून बरोबर. महामहम तळ्याजवळच्या गल्लीत एक जिना चढून खोली, संगणकाला कुंकवाचं बोट, कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसलेली. अण्णा कीबोर्डकडे पाहतच नव्हते. भाच्याने खुर्ची ओढली आणि तास-दीड तास तो नुसता पाहत राहिला. अण्णांची बोटं कापत होती, जोडत होती. कोणाचा घास तोंडात जाताना कापायचा नाही, आजीला मुलीपेक्षा कमी वेळ द्यायचा नाही, ज्या काकांनी हॉलचे पैसे दिले ते दर दहा मिनिटांनी एकदा दिसले पाहिजेत, हे सगळं त्यांच्या हातांना पाठ होतं. पंगत तर त्यांनी जवळजवळ अखंड ठेवली होती. भाच्याने विचारलं, एवढी पंगत कोण पाहणार? अण्णांनी उत्तर दिलं ते व्याह्यांनी मराठीत आणलं: "पंगतीत बसलेले पाहतील. ते दोनशे आहेत. तुझी फिल्म नवरा-नवरी पाहतील."

साडी त्यांच्याकडेही चुकीच्याच रंगाची होती. आत्याबाईंना ते दिसलं, मी त्यांच्याकडे पाहत होतो. पण त्या काही बोलल्या नाहीत. नंतर जिना उतरताना म्हणाल्या, "अण्णांकडे सगळ्यांच्याच साड्या तशा दिसतात. एकटीचं काय म्हणायचं?"

मग दोन्ही गोष्टी घरच्या टीव्हीवर पाहण्याचा समारंभ झाला. त्या टीव्हीचं चित्र कोणीतरी क्रिकेटच्या मोसमात 'व्हिव्हिड'वर नेऊन ठेवलं होतं आणि रिमोटवरचं ते बटण आता दबत नव्हतं. भाच्याच्या फिल्ममधली वाळवलेली शेतं पुन्हा हिरवीगार झाली, गोपुरावरचे दानव आपल्या मूळ रंगात आले, आणि अरक्कू साडी टोमॅटोच्या वाटेवर निघाली. भाचा उठून बाहेर गेला. आत्याबाईही त्याच्या मागोमाग बाहेर गेल्या. आत चार मिनिटांनंतर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि अण्णांचा पेनड्राइव्ह लावला. तो रात्री उशिरापर्यंत चालला. मध्ये एकदा वीज गेली, आली. जिथे थांबलं होतं तिथून लावायला कोणाला जमेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून पाहिला. पंगतीच्या वेळी तीन शेजारी आले, ते स्वतःला शोधत होते. सापडले.

भाचा पुण्याला आल्यावर सुधारला, असं त्याच्या आईला वाटतं. मला तितकी खात्री नाही. कुंभकोणममध्ये दर बारा वर्षांनी महामहम भरतो, लाखो लोक तळ्यात स्नानाला येतात. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८मध्ये. अण्णांनी त्याला शूटिंगसाठी बोलावलंय. २००४चा महामहम अण्णांनी व्हीसीआरवर मिक्स केला होता आणि २०१६चा आजच्याच संगणकावर. २०२८लाही हाच चालेल, फक्त पंखा बदलावा लागेल, असा त्यांचा अंदाज आहे. भाच्याने आपल्या बाजूने तयारी सुरू केली आहे. सॉफ्टवेअरांचा नवा तक्ता केलाय, त्यात या वेळी एडियसचाही रकाना आहे. परवा मला फोन करून विचारत होता, "मामा, तुम्हाला काय वाटतं?"